सुई अडकली तिथून पुढे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझे व्हायोलिनचे सर धोबीतलावला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. मूळचे गोव्यातल्या साष्टीचे. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकले आणि विसाव्या वर्षी व्हायोलिनची पेटी घेऊन मुंबईला आले, ते हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले. मी गिरगावातून चालत त्यांच्याकडे शिकायला जात असे. ही गोष्ट १९७४-७५ सालची. शिकवणी संपली आणि सरांना कुठं रेकॉर्डिंगला जायचं नसलं, की ते कपाटातून एक एलपी काढत, फडक्यानं पुसत आणि म्हणत, ‘‘बस. आता ऐक.’’

ती रेकॉर्ड होती बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराच्या दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्तोची. वाजवणारे यहुदी मेन्युहिन, वाद्यवृंदाचे संचालक फुर्टवेंगलर. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्यातलं फारसं काही कळलं नाही. दहाव्यांदा ऐकली तेव्हा तिच्यावाचून चैन पडेना. अडचण एकच होती. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर अगदी शेवटाजवळ एक चरा गेला होता. सुई तिथं आली की अडकायची. व्हायोलिन तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं. मग सर सुई उचलत आणि म्हणत, ‘‘पुढचं मनात वाजव.’’

तर कित्येक वर्षं या कॉन्चेर्तोचा शेवट मी ऐकलाच नव्हता. पुढे कळलं, की याला एक सोडून दोन शेवट आहेत आणि तो रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येक व्हायोलिनवादकाला त्यातला एक निवडावा लागतो. आज मला बोलायचंय ते या निवडीबद्दल. विसाव्या शतकात हंगेरियन संगीतकारांनी जे व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहिले, ते वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्ड करायला बसलेल्या वादकापुढे नेमकं काय येऊन ठाकतं, त्याबद्दल.

आधी कॉन्चेर्तो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एका बाजूला एक वाद्य, दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर, कधी ऐंशी वादकांचा वाद्यवृंद. ही आपल्यासारखी साथसंगत नव्हे आणि जुगलबंदीही नव्हे. एकटा माणूस भर सभेत उभा राहून बोलतो. सभा कधी त्याचं ऐकते, कधी त्याला अडवते, कधी त्याचंच वाक्य उचलून त्याच्या अंगावर टाकते, तसा हा प्रकार आहे. सगळं आधी लिहिलेलं असतं. फक्त मधे एक जागा येते, तिला कॅडेन्झा म्हणतात. तिथं वाद्यवृंद गप्प बसतो आणि वादक एकटाच वाजवतो.

आणि हंगेरीच का? या देशाला व्हायोलिनचं वेडच आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बुडापेस्टच्या अकादमीत यनो हुबाय नावाचे शिक्षक होते. स्वतः थोर वादक योआखिम यांचे शिष्य. हुबायांच्या हाताखालून योझेफ सिगेती, झोल्तान सेकेय, स्टेफी गायर असे एकाहून एक वादक तयार झाले. स्वतः हुबायांनीही चार कॉन्चेर्तो लिहिले. ते गोड आहेत, बोटांची परीक्षा पाहणारे आहेत. पण आज ऐकताना जुन्या काळातले वाटतात. नवं काही घडलं ते दुसरीकडेच, खेड्यापाड्यांत.

मेणाच्या नळीवरचे आवाज

बार्टोकचा जन्म १८८१ सालचा. १९०४ मध्ये त्यानं ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका मोलकरणीला गाताना ऐकलं. ती मुलाला सांभाळताना आपल्या गावाकडचं गाणं गुणगुणत होती. बार्टोक चमकला. तोवर शहरातल्या लोकांचा समज असा, की कॉफीगृहांत जिप्सी वादक जे वाजवतात तेच हंगेरीचं लोकसंगीत. ही चाल तर त्याहून पार वेगळी, कितीतरी जुनी होती.

पुढल्या दोन वर्षांत बार्टोक आणि त्याचा मित्र झोल्तान कोदाय गावोगाव हिंडू लागले. बरोबर एडिसनचा फोनोग्राफ. हे यंत्र म्हणजे एक कर्णा, एक सुई आणि मेणाची फिरणारी नळी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना कर्ण्यापुढं बसवायचं आणि गायला सांगायचं. एका नळीवर जेमतेम दोन-चार मिनिटं मावत. घरी येऊन त्या नळ्या पुन्हा पुन्हा ऐकायच्या आणि गाणं कागदावर उतरवायचं. त्यातही एक दुखणं असं, की नळी जितक्या वेळा वाजवावी तितकं मेण झिजत जायचं. म्हणजे ऐकलं की थोडं पुसलं जायचं! बार्टोकनं अशा हजारो चाली जमवल्या. हंगेरियन, स्लोव्हाक, रुमानियन. १९१३ मध्ये तो अल्जीरियाला गेला, १९३६ मध्ये तुर्कस्तानला.

हे सांगण्याचं कारण असं. खेड्यातली बाई गाते तेव्हा तिचा आवाज पियानोच्या पट्ट्यांवरून चालत नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतून तो घसरतो, हेलकावतो. आपल्याला यात नवल नाही. आपलं सगळं गाणंच मिंडीवर आणि श्रुतींवर उभं आहे. पण युरोपातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला हे कानानं टिपता येणं कठीण. यंत्रानं मात्र ते प्रामाणिकपणे टिपलं. म्हणून मी नेहमी म्हणतो, की बार्टोकचं संगीत नुसतं रेकॉर्ड केलं गेलं असं नव्हे. ते मुळात रेकॉर्डिंगमधूनच उगवलं. त्या नळ्यांवर गाणारे शेतकरी, गुराखी, म्हाताऱ्या बाया यांतल्या कुणाचंही नाव मैफलीच्या जाहिरातीवर कधी छापलं गेलं नाही. त्यांचा गळा मात्र या कॉन्चेर्तोंमध्ये अजून जिवंत आहे.

कपाटात राहिलेला पहिला

बार्टोकचा दुसरा कॉन्चेर्तो जगाला १९३९ मध्ये कळला. पहिला कळला १९५८ मध्ये. हे उलटं कसं?

१९०७ साली बार्टोक स्टेफी गायर या तरुण व्हायोलिनवादिकेच्या प्रेमात होता. तिच्यासाठी त्यानं दोन भागांचा कॉन्चेर्तो लिहायला घेतला. पहिला भाग म्हणजे त्याच्या मनातली स्टेफी, दुसरा म्हणजे लोकांपुढं व्हायोलिन वाजवणारी स्टेफी. तिच्यासाठी त्यानं चार चढत्या स्वरांची एक खूण ठरवली होती. सुरुवातीला एकटं व्हायोलिन ती खूण वाजवतं, मग वाद्यवृंदातलं एकेक वाद्य तिच्यात मिसळत जातं. १९०८ च्या सुरुवातीला काम पुरं झालं आणि त्याच सुमारास स्टेफीनं नातं तोडलं. हस्तलिखित तिच्याकडे गेलं. तिनं ते कधी वाजवलं नाही आणि कधी टाकूनही दिलं नाही. पुढे ती स्वित्झर्लंडला स्थायिक झाली, १९५६ मध्ये वारली. बार्टोक तर त्याआधीच, १९४५ मध्ये गेला होता. मे १९५८ मध्ये बाझल शहरात हान्सहाइन्झ श्नेबेर्गर या वादकानं, पाउल साखर यांच्या संचालनाखाली, तो पहिल्यांदा वाजवला. लिहिल्यावर पन्नास वर्षांनी!

आज जो वादक हा पहिला कॉन्चेर्तो रेकॉर्ड करतो, त्याची अडचण समजून घ्या. ज्याच्यासाठी लिहिलं त्यानं वाजवलेलं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं ऐकलेलं नाही. ‘असं वाजवतात’ अशी वहिवाट नाही. पहिल्या भागाचा सूर एखाद्या खासगी पत्रासारखा आहे. तो मोठ्या हॉलमध्ये गाजवायचा, की मायक्रोफोनला जवळ घेऊन हळूच सांगायचा? इथं रेकॉर्डिंगचा एक फायदा होतो. दोन हजार लोकांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला धनू दाबावीच लागते. मायक्रोफोनपुढं तशी गरज नाही. कुजबुजलेलं तो ऐकतो.

एक मित्र, दोन हट्ट, दोन शेवट

दुसऱ्या कॉन्चेर्तोची गोष्ट वेगळी. झोल्तान सेकेय हा बार्टोकचा मित्र, त्याच्याबरोबर मैफली केलेला. त्यानं कॉन्चेर्तो मागितला. बार्टोक म्हणाला, मी एक मोठी बदलमालिका लिहितो, म्हणजे एकच चाल घेऊन तिची निरनिराळी रूपं. सेकेयला ते नको होतं. त्याला नेहमीसारखा तीन भागांचा, भरघोस कॉन्चेर्तो हवा होता. बार्टोकनं मान तुकवली. पण हा माणूस हट्टी! त्यानं मधला भाग बदलमालिकेचा केला आणि तिसऱ्या भागात पहिल्याच भागातले सगळे विचार नव्या वेशात आणले. पहिल्या भागात चार मात्रांची चाल, तिसऱ्यात तीन मात्रांची. म्हणजे मित्राला हवा तसा कॉन्चेर्तो दिला आणि आपल्याला हवी तशी बदलमालिकाही लिहून घेतली.

मग शेवट आला. बार्टोकनं लिहिलेल्या शेवटात एकल व्हायोलिन थोडं आधीच थांबतं आणि वाद्यवृंदच, पितळी वाद्यांच्या गर्जनेसह, समाप्ती करतो. सेकेयनं तक्रार केली, की हे कॉन्चेर्तोसारखं नाही, सिम्फनीसारखं संपतंय. मला शेवटपर्यंत वाजवू दे. बार्टोकनं दुसरा शेवट लिहून दिला. आता व्हायोलिन अखेरच्या क्षणापर्यंत वाद्यवृंदाबरोबर धावतं. छापील प्रतीत दोन्ही शेवट आहेत. बहुतेक वादक सेकेयचा निवडतात. काहींनी मात्र मुद्दाम पहिला रेकॉर्ड केला आहे.

यात बरोबर कोण? मला विचाराल तर दोघंही. व्हायोलिन शेवटपर्यंत वाजतं तेव्हा तो एका माणसाचा विजय वाटतो. व्हायोलिन आधीच गप्प होतं आणि वाद्यवृंद एकटा उरतो तेव्हा अंगावर काटा येतो. बोलणारा निघून गेला आणि सभा उरली, असं वाटतं. आणि तारीख बघा. हा कॉन्चेर्तो पुरा झाला १९३८ च्या अखेरीस. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला होता. व्हिएन्नातला बार्टोकचा प्रकाशक नाझींच्या ताब्यात गेला होता. तेव्हा त्यानं आपलं काम लंडनच्या प्रकाशकाकडे वळवलं.

२३ मार्च १९३९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहात सेकेयनं तो पहिल्यांदा वाजवला. संचालक विलेम मेंगलबर्ग. बार्टोक तिथं नव्हता. दुसऱ्या वर्षी मेमध्ये जर्मन सैन्य हॉलंडात घुसलं, सेकेय तिथंच अडकला; ऑक्टोबरमध्ये बार्टोकनं हंगेरी सोडली ती कायमची. आपलाच कॉन्चेर्तो वाद्यवृंदाबरोबर त्यानं पहिल्यांदा ऐकला तो न्यूयॉर्कमध्ये, १९४३ साली.

पण नशीब असं, की अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण वाचलं. आज ते ऐकायला मिळतं. खरखर आहे, वाद्यवृंद मधूनच धूसर होतो. पण सेकेयची धनू स्पष्ट ऐकू येते. कुठं स्वर हुकतो, कुठं घाई होते. पहिलीच वेळ होती, मागं पाहायला दुसरं कुणी नव्हतं. ते ऐकताना मला नेहमी वाटतं, की युद्धाच्या तोंडावरची ही एक रात्र कुणीतरी मुठीत धरून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली.

मेन्युहिनचं नाव मघाशी आलं. पुणेकरांना ते अय्यंगार गुरुजींचे शिष्य म्हणून ठाऊक आहेत. १९५२ मध्ये ते भारतात आले, तेव्हा मुंबईत दोघांची गाठ पडली, आणि पुढं ‘माझे सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक’ असं कोरलेलं घड्याळ त्यांनी गुरुजींना भेट दिलं. तेच मेन्युहिन १९४३ मध्ये न्यूयॉर्कला बार्टोकला भेटले होते आणि त्याचा एक सोनाटा त्याच्यापुढं वाजवला होता. तो ऐकून बार्टोक म्हणाला, की संगीतकार मरून बराच काळ लोटल्यावरच असं वाजवलं जातं अशी माझी समजूत होती. आजारी, परक्या देशात पडलेल्या माणसाचे हे उद्गार. मेन्युहिननी हा कॉन्चेर्तो पुढं अनेकदा रेकॉर्ड केला. १९४६ मध्ये डॅलसला अंताल दोराती या हंगेरियन संचालकाबरोबर आणि १९५३ मध्ये लंडनला फुर्टवेंगलरबरोबर. हीच ती सरांची रेकॉर्ड.

लाल दिवा

आता प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये काय होतं? युरोपातल्या स्टुडिओत मी वाजवलेलं नाही. पण ताडदेवच्या स्टुडिओत सरांच्या मागच्या खुर्चीवर बसून मीही काही वर्षं सिनेमाच्या गाण्यांसाठी व्हायोलिन वाजवलं आहे. लाल दिवा सगळीकडे सारखाच.

आमच्याकडे आधी ‘मॉनिटर’ व्हायचे, म्हणजे तालमी. मग ‘टेक’. कॉन्चेर्तोच्या रेकॉर्डिंगलाही तसंच. पहिला वेळ जातो तो तोल साधण्यात. एक व्हायोलिन आणि समोर ट्रम्पेट, ट्रम्बोन, ढोल. सभागृहात डोळे कानाला मदत करतात. वादक पुढं उभा दिसतो म्हणून तो ऐकूही येतो. रेकॉर्डवर डोळे नाहीत. मायक्रोफोन वादकाच्या अगदी जवळ ठेवला, तर व्हायोलिन हत्तीएवढं होतं आणि वाद्यवृंद पलीकडच्या गल्लीत गेल्यासारखा वाटतो. दूर ठेवला, तर बार्टोकनं लिहिलेले बारीक अलंकार विरून जातात. दुसऱ्या कॉन्चेर्तोची सुरुवातच बघा. हार्पच्या शांत झंकारावर व्हायोलिन आपली चाल सुरू करतं. हार्प पुसट झाली तर व्हायोलिनच्या पायाखालची जमीनच जाते.

शेजारच्या खोलीत निर्माता कानाला हेडफोन लावून, पुढ्यात स्वरलिपी ठेवून बसलेला असतो. प्रत्येक टेक ऐकताना तो पेन्सिलीनं खुणा करतो. या पट्टीत हॉर्न उशिरा आला, इथं खुर्ची करकरली, इथं पान उलटल्याचा आवाज आला. मग तेवढा तुकडा पुन्हा. शेवटी अनेक टेकमधून निवडून एक कॉन्चेर्तो जोडला जातो. कुणी म्हणेल, ही तर फसवणूक! मला तसं वाटत नाही. पण धोका आहे. प्रत्येक तुकडा निर्दोष आणि सगळा मिळून निर्जीव, असं होऊ शकतं. म्हणून शहाणे वादक आधी एकदा तरी पूर्ण भाग न थांबता वाजवतात आणि दुरुस्त्या मागाहून करतात. आमचे सर म्हणायचे, ‘‘पहिल्या टेकमध्ये जीव असतो, दहाव्यात सूर असतो. पाचवा घ्या.’’

बार्टोकच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. पहिल्या भागात कॅडेन्झाच्या अलीकडे व्हायोलिन एकाच स्वराभोवती घुटमळतं, आणि तेही पाव-पाव स्वरांनी. पियानोवर शेजारच्या दोन पट्ट्यांत जे अंतर असतं त्याच्या निम्मं. तेच ते, खेड्यातल्या गळ्यातलं हेलकावणं. आता निर्मात्यानं हे ऐकलं आणि ‘बेसूर आहे, पुन्हा घ्या’ म्हटलं तर? वादकाला हे इतक्या निश्चयानं वाजवावं लागतं, की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. चुकून लागलेला स्वर आणि मुद्दाम लावलेला स्वर यांतला फरक कंपनांच्या आकड्यांत नसतो, तो ठामपणात असतो. मैफलीत असा स्वर येतो आणि जातो. रेकॉर्डवर लोक तो पन्नास वेळा ऐकणार असतात.

परक्या भूमीवरचा आणि बेसुरांच्या सुरांचा

बार्टोकच्या पिढीतला दुसरा मोठा माणूस एर्नो दोहनानी. संथ, जुन्या वळणाचा, आणि म्हणून थोडा विसरला गेलेला. युद्धात त्याचे दोन्ही मुलगे गेले. एक, हान्स, हिटलरविरोधी कटात होता. त्याला १९४५ मध्ये नाझींनी मारलं. दुसरा रशियनांच्या कैदेत वारला. दोहनानी अखेर अमेरिकेत फ्लोरिडाला शिकवू लागला आणि तिथं १९४९-५० मध्ये त्यानं आपला दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहिला. त्यात गंमत अशी, की वाद्यवृंदात व्हायोलिनच नाहीत! व्होला, चेलो, बास आहेत, फुंकवाद्यं आहेत. व्हायोलिन एकच, पुढं उभ्या असलेल्या वादकाचं. वाद्यवृंदाचा रंग त्यामुळं गडद होतो आणि एकटं व्हायोलिन त्यावर उठून दिसतं. ज्याचं घर उजाडलं त्या माणसानं असं लिहावं, यात मी काही अर्थ शोधू नये. पण ऐकताना तो मनात आल्यावाचून राहत नाही. हा दोहनानी १९६० मध्ये न्यूयॉर्कला वारला. तिथं तो गेला होता पियानोचं रेकॉर्डिंग करायला.

आणि मग जॉर्ज लिगेती. जन्म १९२३, ट्रान्सिल्व्हेनियातला ज्यू. वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत गेले. १९५६ मध्ये रशियन रणगाड्यांनी बुडापेस्टचा उठाव चिरडला तेव्हा तो सीमा ओलांडून व्हिएन्नाला निसटला. त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्तो १९९० मध्ये पहिल्यांदा वाजला, आणि बराच बदलून, पाच भागांचा होऊन १९९२ मध्ये पुन्हा. वादक साश्को गावरिलोव्ह.

लिगेतीनं काय केलं? पंचवीसेक वादकांच्या छोट्या वाद्यवृंदात एका व्हायोलिनच्या आणि एका व्होलाच्या तारा त्यानं वेगळ्याच मिळवायला सांगितल्या. बासच्या तारेतून निघणाऱ्या नैसर्गिक स्वयंभू स्वरांशी जुळतील अशा. आपल्याकडे तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो ना, त्याच जातीचे हे स्वर. पियानोच्या स्वरांपेक्षा ते किंचित सरकलेले असतात. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन निरनिराळ्या सुरावटी एकमेकांना घासत राहतात. दुसऱ्या भागात व्हायोलिन एक साधी, लोकगीतासारखी चाल गातं आणि मधेच वादक आपली वाद्यं खाली ठेवून ओकारिना फुंकू लागतात. ओकारिना म्हणजे मातीची शिट्टीसारखी बासरी. तिचा सूर कधीच पक्का लागत नाही, आणि लिगेतीला नेमकं तेच हवं होतं. जत्रेतल्या पोरांनी देवळात स्तोत्र गावं तसं ते वाटतं. हसू येतं आणि डोळ्यांत पाणीही.

बार्टोकच्या वेळी निर्मात्याला पाव स्वर ओळखावे लागत होते. इथं तर प्रत्येक पट्टीत प्रश्न आहे, की कुठला बेसूर ठेवायचा आणि कुठला काढायचा. शेवटच्या भागात लिगेतीनं कॅडेन्झाची जागा खुली सोडली. वादकानं हवं तर स्वतःची रचावी. म्हणजे रेकॉर्डिंगच्या दिवशी वादक फक्त वादक राहत नाही, तोही लिहिणारा होतो.

हे सगळं एका ठिकाणी ऐकायचं असेल तर पॅट्रिशिया कोपाचिन्स्काया या वादिकेचं ध्वनिमुद्रण आहे. ती मोल्डोव्हाची. आईवडील दोघंही लोकसंगीताचे वादक. वडील सिम्बालोम वाजवत. आपल्या संतूरसारखंच हे काड्यांनी वाजवायचं तारांचं वाद्य. २०१२ मध्ये आलेल्या या जोडतबकडीत तिनं बार्टोकचा दुसरा कॉन्चेर्तो, लिगेतीचा कॉन्चेर्तो आणि पेतर एट्व्हश यांची ‘सेव्हन’ ही रचना वाजवली. संचालक स्वतः एट्व्हश. १९९२ मध्ये लिगेतीच्या पाच भागांच्या पहिल्या प्रयोगाचं संचालनही त्यांनीच केलं होतं. २०१३ मध्ये ‘ग्रामोफोन’ मासिकानं या तबकडीला वर्षातलं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण ठरवलं.

‘सेव्हन’ खरं तर एकविसाव्या शतकातली, २००७ मध्ये प्रथम वाजलेली. पण तिच्याबद्दल आपल्याला सांगायलाच हवं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळून सात अंतराळवीर गेले, त्यांच्या स्मरणार्थ ती लिहिली आहे. त्या सातांत आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. एकल व्हायोलिन धरून सात व्हायोलिन; बाकीची सहा सभागृहात दूर दूर उभी केलेली, आकाशात विखुरल्यासारखी. सभागृहात मागून, बाजूनं, वरून सूर येतात. तबकडीवर मात्र हे सगळं दोन स्पीकरांत बसवायचं असतं. इथं यंत्राची मर्यादा येते, आणि ती मान्य करूनच ध्वनिमुद्रण करावं लागतं. एट्व्हश २०२४ च्या मार्चमध्ये वारले. आता ही रचना कशी वाजावी हे त्यांना विचारता येणार नाही. त्यांनी स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण तेवढं उरलं आहे.

पुढचं

नव्वदच्या दशकात सीडी आल्या तेव्हा मी बार्टोकचा शेवट पहिल्यांदा ऐकला. आधी सेकेयचा, काही वर्षांनी दुसऱ्या वादकाच्या सीडीवर बार्टोकचा मूळचा. सर तेव्हा नव्हते. मला फार वाटलं, की त्यांना विचारावं, यातला कुठला तुम्ही मनात वाजवत होता?

सरांच्या नावाची एकही रेकॉर्ड नाही. त्यांनी शेकडो गाण्यांत वाजवलं. तबकडीच्या पाकिटावर म्युझिशियनचं नाव छापायची तेव्हा पद्धत नव्हती. पण एका जुन्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी, चार पट्ट्यांचा व्हायोलिनचा सोलो आहे. धनू उलटताना सरांना एक किंचित दम घ्यायची सवय होती. ती तिथं ऐकू येते. रेडिओवर ते गाणं लागलं की मी हातातलं काम ठेवतो. घरचे म्हणतात, गाणं संपलं का? मी म्हणतो, थांबा, अजून यायचंय.

बार्टोकच्या मेणाच्या नळीवर गाणाऱ्या त्या म्हातारीला ठाऊक नव्हतं, की तिचा गळा शंभर वर्षांनी फ्रँकफुर्टच्या स्टुडिओत कुणाच्या तरी धनूतून निघणार आहे. सरांनाही ठाऊक नव्हतं. लाल दिवा लागतो तेव्हा वाजवणाऱ्याला एवढंच कळतं, की आत्ता जे लावू ते राहणार आहे. कुठला शेवट घ्यायचा, कुठला बेसूर ठेवायचा, कुणाचा श्वास कापायचा नाही, हे त्यानं ठरवायचं असतं. आपण निदान सुई अडकली तरी कान लावून बसावं.